बंद गोणी

केयूर आला तेव्हा मी तार हातात धरूनच उभा होतो,
निळी, टिक् करून बसणारी.
"ना काका, हमणां नहि," तो म्हणाला. "पहेला दीवाल, पछी तार."
आणि कागदी पाकिटातून सीडी काढली.
बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
भिंत बांधायला पंचवीस मिनिटं लागली.
वीट नाही, चुना नाही, एक हिरवी पट्टी
मुंगीच्या चालीनं सरकत होती.
हिनं त्याला शेव-उसळ दिली.
पाव संपले, पट्टी चाललीच होती.

मग त्यानं समजावलं : आत कोण येतं, बाहेर कोण जातं,
हा बघतो. शंका आली तर थांबवून विचारतो.
म्हटलं, बाळा, एकतीस वर्षं
छाणीच्या जकात नाक्यावर मी दुसरं काय केलं?

ट्रक थांबायचा. ताडपत्री उचलायची,
गोणीत सळई खुपसायची.
बिलावर भुसा, आत सुपारी.
सळईच्या टोकाचं चाखूनसुद्धा बघितलंय.
बंद गोणी कधी सोडली नाही.

खोटं बोलतोय. एकदा सोडली.
ढमढेऱ्याची चिठ्ठी होती, मकरपुरा नाक्यावरून :
आपला माणूस आहे, जाऊ दे.
मेमो मला आला.
त्याला नऊ वर्षं झाली, आमचं बोलणं बंद.

आता जकातच गेली. रिक्षावाले
अजून "जकातनाका" म्हणून उतरवतात,
कशापाशी, ते त्यांनाच ठाऊक.

आणि परवा रात्री पडद्यावर त्याचंच नाव.
पां. ग. ढमढेरे. विषय : तुझ्यासाठी.
खाली टाचणीला अडकवलेली एक बंद गोणी.
माउसवर बोट. इतक्या वर्षांनी
काय पाठवलं असेल? फोटो? की माफी?
भिंतीनं काहीच विचारलं नाही,
ओळखीच्या नावाला तीही मुकाट वाट देते.
आणि इथे सळई खुपसायची कुठे?

शेवटी फोन लावला. नंबर डायरीत होता,
खोडलेला, पण वाचता येईल इतपतच.
"मी? मेल?" तो हसला, मग बराच वेळ खोकला.
"अरे, मला तो डबा सुरूसुद्धा करता येत नाही. नातवाचा आहे.
दोन दिवस झाले, आपोआप उघडतो, मिटतो,
ताप चढल्यासारखा घरघरतो."
"तुझ्या नावानं गावभर गोण्या पाठवतोय तो.
पण त्यात माझा पत्ता कुठून आला?"
थोडा थांबला. "मीच भरायला सांगितला होता.
पेन्शनवाल्यांच्या यादीतून. दिवाळीत."

नऊ वर्षं घासून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे.
हिनं आतून विचारलं, मागच्या दाराला कडी घातली का?
"मग काय करू मी आता?" ढमढेरे म्हणाला.

"आधी तार काढ," म्हटलं. "मागच्या बाजूला. निळी असेल.
हात लागला? घाई नको.
मी आहे फोनवर. काढ."