अंगठ्याजवळचा व्रण

मिलवॉकी, एकोणीसशे चोपन्न.
तिसऱ्या मजल्यावर उत्तरेची खिडकी,
खिडकीशी मी. डोळ्याला भिंग,
हातात तीन केसांचा कुंचला,
पगार आठवड्याला एकेचाळीस डॉलर.
काम: बायका पुसणं.
अख्ख्या नाही. थोड्या थोड्या.
डोळ्यांखालचं जागरण, गळ्यावरची घडी,
हसताना दिसणारा तो एक दात.

ग्लोरिल साबणाची गृहिणी
आम्ही तीन बायकांतून बेतली होती.
चेहरा कोर्डेलियाचा, जिला अंडं उकडता येत नसे.
कंबर कुणाची ते आता आठवत नाही;
कंबरेला पैसे कमी मिळत.
आणि हात थेक्ला ब्रुगमनचे.
हातावर पोट असणं म्हणतात ना,
ते आमच्यात अक्षरशः तिचंच होतं.
झोपताना सुती मोजे. मांजर पाळायचं नाही.
जिना उतरताना कठडा धरायचा नाही, नख मोडेल.
घरची भांडी नवरा घासायचा.

सिंकमधला फेसही साबणाचा नव्हता.
साबणाचा फेस दिव्यांखाली बसतो,
म्हणून शिकाऊ पोरगा अंड्याचा पांढरा बलक फेटत बसे.
आणि वर हाल्वरसनसाहेबांची ओळ, टपोऱ्या अक्षरांत:
‘त्यांना कळणारही नाही
की तुम्ही दिवसभर काम केलंत!’

थेक्लाच्या डाव्या अंगठ्याजवळ एक व्रण होता,
मसुराएवढा, चकाकता, जरासा आत गेलेला.
त्रेचाळीस साली, मॅनिटोवॉकच्या गोदीत,
पाणबुडीच्या पोटात आडवी पडून
ती पत्र्याला पत्रा जोडायची,
तेव्हा ठिणगी मोज्यात शिरली.
“हात काढता येईना,” म्हणाली, “सांधा अर्धा होता.”
युद्ध संपलं तेव्हा आभाराचं पत्र
आणि शेवटचा पगार
एकाच लिफाफ्यात आले.

अकरा जाहिरातींत मी तो व्रण पुसला.
बाराव्या वेळी नाही.
कारण विचाराल तर मोठं काही नाही.
हीटर बंद होता, बोटं आखडली होती,
आणि सकाळीच कळलं होतं
की मीच शिकवलेल्या नव्या मुलाला
पासष्ट मिळणार; त्याचं लग्न ठरलंय.
कुंचला ओला केला.
ठेवून दिला.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
हाल्वरसनसाहेबांनी लाल पेन्सिलीने ‘छान’ लिहिलं.

मार्चमध्ये सुपीरियरहून पत्र आलं.
वहीचा कागद, घट्ट दाबून लिहिलेली अक्षरं:
‘तुमच्या बाईच्या अंगठ्याला जे आहे
ते इस्त्रीचं नाही. इस्त्रीचं लांबट उठतं.
हे ठिणगीचं. माझ्याकडे चार आहेत.
ती कुठल्या गोदीत होती?
मी इथल्याच. दोन वर्षं, रात्रपाळी.
कळवलंत तर बरं वाटेल.
आउने राउतिओ.’

उत्तराची कार्बन प्रत सोबत टाचलेली होती:
‘प्रिय गृहिणी, आपल्या पसंतीबद्दल आभारी आहोत.
एका पुडक्याचं कुपन जोडलं आहे.’

पत्र टोपलीत जाण्याआधी मी उचललं.
थेक्लाला दिलं.
तिने दोनदा वाचलं. मोजे काढले.
मासिक खिडकीशी नेऊन पान तिरकं धरलं,
सांध्यात फट राहिली का बघतात तसं.
मग म्हणाली, “पेन्सिल दे.”
मग, “यावर पत्ता नाही. लिफाफा कुठाय?”

लिफाफा टोपलीत गेला होता.
टोपली रोज चारला खाली रिकामी व्हायची.
चार वाजून गेले होते.

तीन जिने.
मी खिडकीतून वाकून पाहिलं.
मागच्या अंगणात, बर्फाच्या चिखलात,
कचऱ्याच्या पिंपावर ती ओणवी,
मोजे नाहीत,
दोन्ही हात
कोपरापर्यंत आत.