डाख

रुस्तावीत फेब्रुवारीचा वारा शटरखालून आत येतो
आणि पान्यांवर बसतो.
लमाराची गाडी रॅम्पवर. चंदेरी. सेकंडहँड म्हणायची,
पण हात किती झाले कोण मोजतं;
पहिला हात समुद्रापलीकडे कशावर तरी आपटून सुटला.

"डावीकडे वळले की लागतो," ती म्हणाली,
"थंडीत जास्त. कधी नुसताच."
लाल दिवा: पुढ्यात फुगा घेऊन बसलेला माणूस.
नर्स आहे, लक्षणं नीट सांगते.

आधी बॅटरीची काळी वायर सोडवायची.
मग थांबायचं, दहा मिनिटं.
वीज तोडली तरी डबीत थोडी मुरून राहते,
एका भडक्यापुरती.
ओतार सांगायचा, तेवढ्यात चहा पी,
फुग्यासमोर तोंड नेऊ नकोस,
आणि फुग्याला मीटर लावायचा नाही, कधीच नाही,
मीटरच्या पोटातली चिमूटभर वीजही त्याला निमित्त पुरते.
त्याच्या जागी एक खोटा जोडायचा,
दोन ओहमचा रेझिस्टर, मुगाएवढा,
आणि तारेची खरीखोटी त्याच्याकडून काढायची.

स्टीअरिंगमागची गुंडाळी, घड्याळाच्या कमानीसारखी,
डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. सलग.
सीटखालचा पिवळा जोड: सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
एक नाणं, लहान मुलाचा एक मोजा.
जोड घट्ट.
स्कॅनर म्हणतो, प्रवासी बाजू, रोध जास्त, अधूनमधून.
अधूनमधून! आमच्या धंद्यात ही शिवी आहे.

डॅशबोर्डचं झाकण उचकटलं.
उपटलेल्या दाढेची जागा असते तसं आत.
वाजू नये म्हणून कोंबलेला स्पंज,
आणि पिवळ्या जोडाच्या तोंडात
लाल, लाल, सोनेरी पट्ट्यांचा
एक रेझिस्टर.
फुगा नव्हताच.
फुगा आहे असं संगणकाला सांगत राहणारं एवढंसं काहीतरी होतं,
बारा वर्षं, इमानाने,
तोवर त्याच्या डाखाला केसाएवढी चीर गेली.
थंडीत ती उघडायची. डाव्या वळणावर उघडायची.
खोट्यालाच गंज चढला
तेव्हा कुठे दिवा खरं बोलला.

वरची टेप उलटी गुंडाळलेली.
डावखुऱ्याची. शेवटचं टोक आत खोचलेलं.
हा हात मी ओळखतो,
याच्या शवपेटीचा एक कोपरा माझ्या खांद्यावर होता.
तेव्हा दिवसाला चार गाड्या करायचो आम्ही.
तो डाख द्यायचा,
मी एकोणीस वर्षांचा, टॉर्च धरून.
ही त्यातलीच का? चंदेरी तर सगळ्याच होत्या.

काडी तापलेली होती.
एक थेंब. पाच मिनिटं. दिवा गप्प.

"विझेल ना?" लमाराने विचारलं.
तिचा साबा काचेवर वाफ सोडून बोटाने ट्रक काढत होता.
पुढे कोण बसतं, ते मोजा सांगत होता.

मी रेझिस्टर तिच्या तळहातावर ठेवला.
मुतखडा बघावा तसा तिने तो उजेडात धरला.
"दिव्याचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो.
"हे कोणी केलं?"
"इथेच झालं. याच दुकानात."
ओतारचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं.
मग ती काहीच बोलली नाही
आणि मी पान्याला पाना पुसत उभा राहिलो.
बॅटरी तर केव्हाची सुटलेली होती,
तरी थांबावं लागलं.

नवा फुगा पोटीच्या बंदरातून यायला तीन आठवडे,
अर्धे पैसे माझे. तिने मान हलवली,
हो म्हणून की मला कंटाळून, कळलं नाही.
साबा कुरकुरत मागे गेला.
गाडी गेली, लाल दिवा तसाच लागलेला,
कारखान्याच्या धुराड्यांकडे, उजवीकडे वळून.

शटर ओढलं. रेझिस्टर बाकावर राहिला होता.
मीटरच्या सुया लावल्या.
दोन पूर्णांक दोन.
अजूनही बिनचूक.