मापवही

माझ्या मापवहीत, पान एकशे बेचाळीस,
वर इंगवले हवालदारांची पँट,
खाली कुणाच्या तरी साखरपुड्याचा सफारी,
मधे माझंच नाव : हावळ, मांडी.
उजवी साडेवीस. डावी एकोणीस.

रात्री शटर ओढलं की टेप काढायचो.
वाटीपासून वर चार बोटं मोजून
तिथं गुंडाळायची, श्वास सोडायचा.
गिऱ्हाइकाला सांगतो तसं स्वतःला सांगायचो,
आवळून धरू नका, खरं माप येऊ द्या.

पट्टी सोडली त्या दिवशी टाके पाहिले.
डॉक्टरांचा हात चांगला, दोरा जरा जाड.
शालन म्हणाली, गप पडा.
अडतीस वर्षं पायडलवर बसलेला माणूस
गप पडतो म्हणजे काय करतो, तेही तिनंच पाहिलं :
खाटेवर उजवी टाच नुसती खालीवर,
मशीन नाही, कापड नाही,
तरी काहीतरी शिवत असल्यासारखी.

रुबीना मुजावर, असेल सत्तावीस वर्षांची,
गुडघ्याला कोनमापक लावायची, शाळेतल्यासारखा.
पंच्याऐंशी, काका. पुढच्या आठवड्यात शंभर पाहिजे.
मी ओरडायचो.
ती खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत
दहापर्यंत आकडे म्हणायची
आणि सातनंतर मुद्दाम थांबायची.

एकोणीस. एकोणीस. सव्वाएकोणीस.
दिवाळीची घाई, बसून बसून परत एकोणीस.
समर्थ मंदिरापर्यंत चालत गेलो
त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.
वही दुकानात होती, आणि मी
पायरीवर बसून नुसता घाम पुसत होतो,
कुणीतरी पत्ता विचारला, तो नीट सांगितला.

आणि आज यवतेश्वरचा घाट.
सप्टेंबरचं धुकं, कडेनं तेरडा,
छातीवर नंबर, चार पिनांनी लावलेला.
पिना घरून नेल्या होत्या. त्यांच्या पिनांना गंज असतो.
चढ निघून गेला. चढाची भीती नव्हतीच,
चढताना माणसाला दम पुरवायचा असतो,
बाकी कशाला वेळ नसतो.

परतीच्या वाटेवर, तिसऱ्या वळणाला,
डावा पाय टेकायच्या आधी हवेतच अडला,
भांडण झालेल्या घराची कडी
वाजवावी की नको, तसा.
मागच्या वर्षी इथंच तो आवाज आला होता,
कोरं कापड टर्रकन फाडताना येतो तो,
फक्त आतून.

मी वळलो. उताराकडे पाठ केली
आणि उलटा चालू लागलो.
वरून उतरणारी सगळी गर्दी
समोरासमोर येऊन बाजूनं जात होती.
कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं,
काका, रस्ता चुकलात का?
म्हटलं, नाही रे, उलट टीप मारतोय.
त्याला काय कळणार. शिवण संपताना
दोन टाके मागं घ्यावे लागतात,
नाहीतर पहिल्याच धुण्यात उसवते.

एकशे साठ पावलं. मग वळण संपलं.
सरळ झालो, डावा पाय टाकला,
आवाज आला तो बुटाचा आणि ओल्या डांबराचा.
इतका साधा, की पुन्हा टाकून पाहिला.

तीन तास सव्वीस मिनिटं.
शेवटच्या रेषेवरची चटई दोन पोरं गुंडाळत होती.
मला पाहून त्यांनी अर्धी परत उलगडली.
अर्धी पुरली.

शालननं पिशवीतून बर्फ काढला, मग टेप.
मैदानातच, चिखलात गुडघा टेकून,
चार बोटं मोजून तिनं माप घेतलं.
मला वाटायचं तिला काही माहीत नाही.
उजवी साडेवीस. डावी सव्वावीस.
पाव इंच कमीच आहे, मी म्हणालो.
असू दे की, ती म्हणाली,
आत तेवढी माया ठेवतातच.

उठताना तिचा गुडघा वाजला.
दोघांनीही ऐकलं.
मी टेपसाठी हात पुढे केला.