चौकशीची खिडकी, गोंदिया

काचेला एक गोल भोक आहे.
त्यातून माझा आवाज बाहेर जातो
आणि त्यांचा, तंबाखूच्या वासासकट, आत येतो.

एकवीस वर्षं झाली, मला कॅलेंडर लागत नाही.
पोत्यात विळे गुंडाळलेल्या बाया
घोळक्यानं विचारतात, "बालाघाटची कवा हाय?"
म्हणजे धानकापणी.
आमगावच्या गाडीला फुगेवाला: मंडई आली.
पोरं बूट उशाला घेऊन फलाट दोनवर झोपली
की उद्या पोलीस भरती.

कोणी मराठीत विचारतं, कोणी पोवारीत, कोणी छत्तीसगढीत;
गाडी लेट झाली की सगळे
एकाच भाषेत गप्प बसतात.

गाड्यांचंच विचारतात असं नाही.
डोळ्याचा डॉक्टर कोनत्या वारी बसते?
कोर्टात चपला काढा लागते का?
एका म्हाताऱ्याला छोटी लाइन पाहिजे होती.
म्हटलं, बाबा, ती कधीच उखडली, आता मोठी जाते.
"मोठी आमच्या गावाले थांबत नाही,"
म्हणाला, आणि रांगेतून बाजूला झाला.

मी सांगते. ते जातात.
मिळाली की चुकली,
हे सांगायला या भोकाशी कोणी परत येत नाही.

एकटी रायवंता मारबते आली.
सौंदडहून झिंग्यांचा जर्मनचा गंज घेऊन
ती इथं गाडी बदलायची, तिरोड्याच्या बाजारासाठी.
त्या दिवशी मी तीन म्हटलं, गाडी पाचवर लागली.
गंज डोक्यावर घेऊन ती पुलाच्या मधोमध,
आणि खालून डबे सरकत चाललेले.

तिसऱ्या दिवशी काचेपुढे उभी.
मी शब्द जुळवत होते: ऐनवेळी फलाट बदलला,
वरून फोन उशिरा आला, माझ्या हातात काय...

"मॅडम, त्या दिशी पुलाखालीच मांडले झिंगे.
तिरोड्याहून भाव बरा भेटला.
आता तिकडं जातच नाही मी.
तुमच्या चुकीचं दुकान चांगलं चालून राह्यलं!"

सुकटीची पुडी भोकातून आत सारायला गेली,
मावेना.
मग कागद उलगडला
आणि एकेक झिंगा आत टाकत बसली, मोजून.
मागची रांग ओरडली, "अवं बाई, आमची गाडी!
मॅडम, बल्लारशाची कितीवर?"

मी तोंडावर आलेला आकडा गिळला,
वळून बोर्ड पाहिला,
मग सांगितलं, चार.

रजिस्टरच्या त्या पानाला अजून वास आहे.