करवतीचा खड्डा

खड्ड्यात मी, वर फेलिम.
मध्ये आडवं नीलगिरीचं खोड, सात फुटांची करवत.
तो वर ओढायचा, मी खाली,
आणि सगळा भुसा माझ्या डोळ्यांत.

गुन्हा? एक मेंढी. तीही म्हातारी.
डॉर्सेटच्या न्यायाधीशाने चष्मा पुसता पुसता
सात वर्षं सांगितली.
जहाजावर एकशे बेचाळीस दिवस मोजले.
पुढे मोजणं सुटलं, कारण इथे
डिसेंबरात अंगाची लाही होते
आणि सूर्य उत्तरेकडून जातो, वाट चुकल्यासारखा.

एकदा एका खोडावर खाचा निघाल्या,
पायाचा अंगठा मावेल एवढ्या,
एकीवर एक, शेंड्यापर्यंत.
समोरच्या डोंगरावर आधी धूर दिसायचा म्हणे.
आता दिसत नाही.
कोण चढायचं, आम्ही विचारलं नाही.
मुकादम म्हणाला, कापा.
कापलं.
कोठाराच्या दाराला त्यातली एक खाच
अजून आहे, अर्धी.

चार वर्षं मी खालून विचारायचो,
"वरून काय दिसतं रे?"
"काय दिसणार? झाडं. तुझं टक्कल."

मग फेलिमला सुटकेचा परवाना मिळाला.
गेला तो, मागे न बघता, तंबाखूची उधारी न फेडता.
दुसऱ्या दिवशी मी वर चढलो.

खाडी दिसली. अख्खी.
नांगर टाकून उभं जहाज,
त्यात लोकरीचे गठ्ठे चढत होते.
लोकर घरी निघाली होती,
मेंढीपायी आलेला मी इथे.
आणि पलीकडे ते पाणी,
ज्याच्या दुसऱ्या टोकाला हेस्टर,
असेल तर.

वरच्याने खडूची रेघ बघायची असते, पाणी नाही.
फळी वाकडी गेली.
तिचे पंचवीस फटके शुक्रवारी पाठीवर मोजून मिळाले.
मी मात्र तिकडे टांगलेला असताना
फेलिमचाच हिशेब करत होतो:
चार वर्षं, रोज,
हे सगळं डोळ्यांसमोर घेऊन
हा माणूस माझ्या टकलाबद्दल बोलत होता.

आता खाली सायलस आहे.
एकोणीस वर्षांचा, खोकतो.
पहिल्याच दुपारी भुसा थुंकत त्याने विचारलं,
"वरून काय दिसतं?"

टक्कल नव्हतं त्याला.
मी जरा शोधलं.
"तुझे केस," म्हटलं, "लाल आहेत. ओढ."