हातचा

रात्रीचे सव्वादोन. सूरच्या किनाऱ्यावर
समुद्र गोडा करणाऱ्या कारखान्यात
मी, नियंत्रण कक्ष,
आणि गळक्या एसीखाली ठेवलेली बादली.

पडद्यावर चारशे बाराव्या ओळीपुढे
मी लाल टिकली लावलीय: इथे थांब.
प्रोग्राम थांबत नाही.
टिकली पोकळच राहते, नुसती कड.

टाकी नंबर तीनची पातळी
मार्चपासून चार पॉइंट दोन.
भरली तरी चार पॉइंट दोन, उपसली तरी तेच.
दोन सेन्सर बदलून झाले.
मुर्शिद तीनदा चढला लोखंडी शिडी,
तिसऱ्यांदा तर भर दुपारी,
तळहातांना ओल्या चिंध्या गुंडाळून,
आणि टेप आत सोडून वरून ओरडला, सहा! सहाच्याही वर!
पडद्यानं ऐकलं नाही.
खल्फान साहेबांनी वहीत लिहिलं:
माणसाची चूक. पुन्हा मोजा.

ज्यानं हे सगळं लिहिलं तो नोकरी सोडून गेला,
कतारला म्हणतात, कुणी म्हणतं कोचीला.
एका कामाच्या पोटात त्यानं दुसरं काम ठेवलं,
दुसऱ्याच्या पोटात तिसरं.
बाहेरचं सुरू झाल्याशिवाय आतलं जन्मालाच येत नाही.
मग न जन्मलेल्याच्या दारात
पहारा बसवायचा कसा?
डिबगर शहाणा आहे, पण उंबऱ्यापर्यंत.

म्हणून टिकली पुसली.
लॅपटॉपवरच्या नकलेत
बाहेरच्या कामाच्या पहिल्याच ओळीवर थांबले
आणि एकेक पायरी उतरत गेले.
शेजारच्या चौकटीत हाकांची उतरंड चढत होती,
मडक्यावर मडकं,
वरचं उतरवल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही.
तिसऱ्या मडक्याशी पोचले,
तिथे, त्याच ओळीपुढे, टिकली पुन्हा लावली.
ती भरली.
गच्च लाल.

मग खोटे आकडे देत गेले.
एक दिला. आत एक.
दोन दिला. बाहेर दोन, आत एक.
सहा दिला. बाहेर सहा,
आत एक.

वाशिमच्या शाळेत देवळे मास्तर
बेरजेला फळ्यापाशी उभं करायचे.
हातचा बोटावर धर, म्हणायचे,
आणि पुढच्या घरात देऊन टाक.
दिला नाहीस तर मुठीतच कुजेल.
या आतल्यानं जन्मल्या दिवशी हातचा धरला,
आणि मूठ उघड असं
त्याला कुणी सांगितलंच नाही.
तो खोटं बोलत नव्हता.
त्याचं खरं मार्चमधलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची.
पातळी दर वेळी नव्यानं आत धाडायची,
आतल्याच्या आठवणीवर सोडायची नाही.

पाच वाजता मुर्शिद पाळीवर आला,
हेल्मेट काखेत, तोंडात अर्धा खजूर.
म्हटलं, आज चढू नकोस.
बिघाड कुठे होता मग?
आत होता. पहिल्याच दिवसाचा आकडा
धरून बसलेला एकजण.
तो हसला. आमच्या खोलीत असे सहा आहेत, म्हणाला.
शफीकुलनं सुट्टीला जाताना मुलासाठी बूट नेले,
चार नंबरनी लहान निघाले.
मुलगा काही बोलला नाही, नुसता पाय मागे घेतला.

मी दर महिन्याला घरी धाडते तो आकडा
कोणत्या वर्षीचा,
हे तेव्हा मनात आलं नाही.
नंतर आलं.

खल्फान साहेबांच्या वहीत
'माणसाची चूक' खोडली नाही.
तिच्याखाली लिहिलं:
माणूस बरोबर. सहा पॉइंट एक.

टिकल्या सगळ्या काढल्या.
बादली काठोकाठ आली होती,
उचलली, आणि बाहेर जाऊन ओतली.