रजेतला चष्मा

वर्षाच्या पहिल्याच दिवशी
कंपनी प्रत्येकाच्या नावावर पाचशे डॉलर ठेवते,
दात, डोळे, औषधपाणी यांसाठी.
माणूस पगारातून आपली भर घालतो, पंधरवड्याला वीस.
त्यातले पहिले वीस कापले जायच्या आधीच
वर्षाची सगळी रक्कम त्याच्या हाताशी असते.
नव्या माणसाला हे सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.
इतक्या भरवशाने कोण कुणाला उसनं देतं?

बाकीचे नियम मी जरा हळू आवाजात सांगते.

व्हर्लिन स्ट्रो. खिडक्यांना काचा बसवतो, एकवीस वर्षं.
जानेवारीत आला तो टोपी हातात घेऊन.
बुटांवरचा बर्फ माझ्या गालिच्यावर विरघळत होता.
आर्डिथला झटका आला, म्हणाला. उजवी बाजू गेली.
बारा आठवडे रजा, बिनपगारी.
मी फॉर्म पुढे सरकवला.
खातं चालू हवं असेल तर हप्ते आधीच भर,
नाहीतर दर पंधरवड्याला चेक पाठव,
नाहीतर परत आल्यावर फेड.
काहीच नको असेल तर या चौकोनात खूण कर: बंद.

बंद केलं तर वीस वाचतात ना?
वाचतात, मी म्हणाले.
तेवढंच म्हणाले.
दाराशी आणखी दोघं उभे होते, आणि फोन वाजत होता.

फेब्रुवारीच्या सतराला
वॉसॉच्या इस्पितळाबाहेर, गाड्या लावतात तिथे,
तो बर्फावरून घसरला.
जन्मभर काच हाताळलेला माणूस,
त्याला पायाखालची काच दिसली नाही.
चष्म्याचं एक भिंग कुणाच्या तरी चाकाखाली गेलं.
त्याच दुपारी त्याने नवा घेतला,
कारण आर्डिथच्या गोळ्यांच्या बाटलीवरची अक्षरं
मुंगीएवढी होती.
तीनशे बारा डॉलर.

एप्रिलमध्ये पावती आणली, चार घड्या घातलेली.
मी आधी तारीख पाहिली.
बिल कधी चुकवलं, पावती कधी दाखवली,
हे कुणी विचारत नाही, व्हर्लिन.
चष्मा कधी घेतला, तो दिवस धरतात.
आणि त्या दिवशी तुझं खातं बंद होतं.

पण पैसे आहेत ना तिथे?

आहेत. तेव्हाही होते.
तू नव्हतास.

मग मी त्याला दोन वाटा समजावल्या,
कारण त्या समजावण्याचाच मला पगार मिळतो.
जुनी रक्कम पूर्ण हवी असेल तर मागचे हप्ते
पुढच्या पगारांतून जास्तीचे कापू.
नाहीतर रक्कम तेवढी उतरवू, हप्ता वीसच ठेवू.
दोन्ही वाटा इथून पुढे जात होत्या.
फेब्रुवारीकडे जाणारी एकही नव्हती.

तो चिडला असता तर सोपं गेलं असतं.
त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
पुसत राहिला.
तीन महिने मी तिला चमच्याने भरवत होतो, म्हणाला,
मला वाटलं, मी तिथे होतो.

त्या उन्हाळ्यात मी फॉर्मवर 'बंद'च्या चौकोनाशेजारी
पेन्सिलने लिहायला लागले: रजेत चष्मा फुटू शकतो.
वकिलांनी ते दोनदा खोडायला लावलं.
तिसऱ्यांदा मी तोंडानेच सांगायला लागले,
फोन वाजू दे, रांग थांबू दे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात
खात्यांत उरलेलं सगळं बुडतं, म्हणून पावत्यांचा पूर येतो.
त्यात त्याची एक, औषधाच्या दुकानातली:
बँडेज, थर्मामीटर, शेकायची पिशवी,
आणि सनस्क्रीनच्या चार बाटल्या.
खिडकीबाहेर उणे एकोणीस होतं.
मी फोन केला. चार, व्हर्लिन?
मागे कुणीतरी शब्द शोधत, अडखळत काही बोललं.
तो म्हणाला, आर्डिथ म्हणते,
मे महिन्यापासून ती रोज पायरीवर बसणार आहे.

तारीख बरोबर होती.
मी मंजूर केलं.